डिसेंबरातली मरिया आपल्या हातून निसटते आहे

मे महिना मरियेचा आणि ऑक्टोबर महिना मरियेचा, हे आपल्या वसईत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ऑक्टोबरात मूर्ती या घरातून त्या घरात जाते, आळी जमते, जपमाळ होते, गाणी होतात, शेवटी चहा आणि काहीतरी खायला. छान आहे सगळं. त्या दोन महिन्यांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझं म्हणणं डिसेंबरबद्दल आहे.

मे महिना मरियेचा झाला तो युरोपातल्या वसंत ऋतूमुळे, तिथे तेव्हा फुलं येतात. ऑक्टोबरच्या मागे जपमाळेमुळे जिंकली असं मानली जाणारी 1571 ची लेपांतोची आरमारी लढाई आहे आणि पोप तेराव्या लिओंनी 1883 साली जपमाळेसाठी तो महिना नेमून दिला तेही आहे. दोन्ही इतिहासातून आलेले. आगमनकाळाचं, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांचं, तसं नाही. तो थेट शुभवर्तमानातून आलाय, कारण जगात एका बाळाची वाट बघितली जात होती आणि ती सगळ्यात जवळून बघणारी बाई नाझरेथची होती. पोप सहावे पौल यांनी 2 फेब्रुवारी 1974 च्या ‘मारियालिस कुल्तुस’ या पत्रात हे स्वच्छ लिहून ठेवलंय की प्रभूच्या मातेच्या भक्तीला आगमनकाळ विशेष योग्य आहे. त्यांचं कारणही मला पटतं. या काळात मरिया येशूपासून सुटी होऊच शकत नाही. तो तिच्या पोटात आहे. तिच्याकडे जायचं म्हटलं तर त्याच्याकडेच जावं लागतं.

आणि आपण या काळात काय करतो? आगमनकाळात आपल्याकडे साधारणपणे लग्नं लावत नाहीत, तेवढी एक जुनी शिस्त राहिली आहे. बाकी पहिल्या रविवारची जांभळी मेणबत्ती पेटायच्या आत गल्लीत तारे लागलेले असतात, गोठ्याच्या स्पर्धेची वर्गणी सुरू असते, केकच्या ऑर्डरी गेलेल्या असतात. मी कुणाला बोल लावत नाही. मीही स्वयंपाकघरात मैद्याची परात पुढ्यात घेऊन, काट्याच्या पाठीवर कुलकुल वळत बसते. पण एक गोष्ट बघा. आगमनकाळाचे पहिले तीन रविवार जागे राहण्याचे आणि योहान बाप्तिस्त्याचे. मरिया येते ती शेवटच्या आठवड्यात, आणि तिचा गाभा आहे रोजच्या साध्या मिस्सांमध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत. 20 डिसेंबरला तिला दिवस जाणार असा गाब्रिएल दूताचा संदेश, 21 ला मरिया डोंगराळ भागात एलिझाबेथला भेटायला जाते ते, 22 ला तिचं गीत. लागोपाठ तीन दिवस, लूकचा पहिला अध्याय, ओळीने. नेमके हेच तीन दिवस आपण घराची रंगरंगोटी आणि तळण यांत गुडघाभर बुडालेलो असतो. मिस्साला आठ-दहा म्हातारी माणसं आणि सिस्टर.

वर्षभर तिच्या नावाने नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना करायच्या आणि तिची स्वतःची गोष्ट वाचली जाते तेव्हा आपण बाजारात. मला हे खटकतं.

8 डिसेंबरचंही तेच. निष्कलंक गर्भसंभवाचा सण. पणजीच्या त्या पांढऱ्या, जिन्यांच्या चर्चची फेस्त याच दिवशी असते. सणाला गर्दीही होते, पण दहा जणांना विचारा हा कुणाचा गर्भसंभव, निम्मे सांगतील येशूचा. म्हणजे 8 ला गर्भ राहिला आणि 25 ला बाळ? अवघ्या सतरा दिवसांत? हा सण मरिया तिच्या आईच्या उदरात आली त्याचा आहे. नऊ महिने मोजा, 8 सप्टेंबर येतो, तिचा जन्मदिवस, आपल्या वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेचे दिवस. मरिया पहिल्या क्षणापासून पापाच्या डागाविना होती, ही श्रद्धा जुनीच. पोप नवव्या पायस यांनी 1854 साली तिला धर्मसिद्धांत म्हणून घोषित केलं. घोटाळा होतो याला एक कारण आहे, त्या दिवशी मिस्सात वाचलं जातं ते गाब्रिएलच्या भेटीचंच शुभवर्तमान. ऐकणारा दोन्ही गोष्टी एकत्र करणारच. प्रवचनात दोन मिनिटं यावर घालवली तर बिघडणार नाही, अशी समस्त फादरांना नम्र विनंती.

आता गोठ्याविषयी. बहुतेक घरांत गोठा दहा-बारा तारखेला मांडला जातो आणि बाळ 24 च्या रात्री ठेवतात, तोवर गव्हाणी रिकामी. हे मला फार आवडतं. पण मग रिकाम्या गव्हाणीशेजारी मरिया आधीच येऊन गुडघ्यांवर बसलेली असते, सडपातळ, हात जोडून, बाळंतपण आटोपल्यासारखी! दोन आठवडे ती तिथे काय करते? म्हणून आमच्या घरी हल्ली मरिया आणि योसेफ गोठ्यात नसतात. ते प्रवासात असतात. सुरुवात फ्रिजवरून होते, स्टॅबिलायझरच्या बाजूला. मग शिलाई मशीन, मग टीव्हीचं कपाट, मग खिडकी. पोरं रोज थोडं थोडं पुढे सरकवतात आणि भांडतात की आज कुणाची पाळी. पाहुणे विचारतात, ‘अहो, ही मूर्ती फ्रिजवर का?’ सासूबाईंना सुरुवातीला ते बरं दिसेना. आता त्याच पाहुण्यांना सांगतात, ‘ती अजून वाटेत आहे.’

गरोदर मरिया आपल्याला बघायची सवयच नाही. स्पेन-पोर्तुगालात मात्र आहे. तिथे 656 साली तोलेदोच्या धर्मसभेने 18 डिसेंबरला मरियेचा सण ठेवला, प्रसूतीची वाट पाहणाऱ्या मातेचा. पोर्तुगीज तिला ‘नोस्सा सेन्योरा दो ओ’ म्हणतात, कारण त्याच दिवसांत संध्याकाळच्या प्रार्थनेतली पालुपदं ‘ओ’ने सुरू होतात. तिच्या जुन्या मूर्ती आहेत, पोट पुढे आलेलं आणि त्यावर हात ठेवलेला. पोर्तुगीज वसईत दोनशे वर्षं होते, रमेदीची माता दिली, मर्सेसची दिली. ही पोटुशी माता मात्र मला आपल्या भागात कुठल्या वेदीवर दिसली नाही. दिसली असती तर बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या आपल्या पोरींनी तिच्यापुढे नक्की मेणबत्त्या लावल्या असत्या.

2025 च्या नोव्हेंबरात व्हॅटिकनने मरियेच्या बिरुदांवर एक टिपण काढलं. ‘सहतारक’, म्हणजे येशूच्या जोडीने तारणारी, हे बिरुद तिच्यासाठी वापरणं योग्य नाही, असा त्याचा सारांश. लगेच आपल्या ग्रुपांवर रणधुमाळी. मरियेला खाली आणली, प्रोटेस्टंटांना खूश केलं, काय काय. मला तर मोकळं वाटलं. तारणारा एकच, हे आपण मिस्सात दर रविवारी म्हणतोच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेतही मरियेवर वेगळा दस्तऐवज काढायचा की चर्चवरच्या दस्तऐवजात तिला घ्यायचं यावर 29 ऑक्टोबर 1963 ला मतदान झालं होतं, आणि 1114 विरुद्ध 1074 इतक्या थोड्या फरकाने ती चर्चच्या आत आली, आपल्यात. तिला सिंहासनावर बसवून खाली उभं राहून मागणंच मागत राहिलं की तिच्याशी बोलणं राहूनच जातं. नोकरी दे, व्हिसा दे, पोराचं मार्गी लाव. मागू नये असं मी म्हणत नाही, काना गावच्या लग्नातही द्राक्षरस संपल्याचं तिनेच लेकाला सांगितलं. पण आगमनकाळात तिच्यासोबत नुसतं चालावं. जपमाळेतली आनंदाची रहस्यं, म्हणजे चिंतनाचे प्रसंग, पाच आहेत. पाचही उरकण्याऐवजी एकच घ्यावं, एलिझाबेथच्या भेटीचं, आणि त्यातच राहावं. कोवळी गरोदर पोर, डोंगरवाट, आणि पलीकडे म्हातारपणी दिवस गेलेली नातलग. लूक म्हणतो ती तिथे सुमारे तीन महिने राहिली. म्हणजे पाणी भरलं असणार, भाकरी भाजल्या असणार.

आणि तिथेच तिने ते गीत म्हटलं. चर्चच्या सायंप्रार्थनेत ते रोज म्हणतात, पण आपण ते इतक्या गोड चालीत गातो की शब्द कानांवरून वाहून जातात. सत्ताधीशांना आसनावरून खाली खेचलं, धनवानांना रिकाम्या हातांनी परत पाठवलं, भुकेल्यांना पोटभर दिलं. निळ्या ओढणीतली ती शांत बाई हे म्हणतेय! फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी, इथली हिरवाई वाचवायला, रस्त्यावर उतरले तेव्हा ‘फादरांनी वेदी सांभाळावी’ म्हणणारेही जपमाळ ओढतच होते.

पोलंडमध्ये आगमनकाळात पहाटे अंधारात मरियेची मिस्सा होते, चर्चचे दिवे बंद, लोकांच्या हातांत मेणबत्त्या, पोरांच्या हातांत कंदील. फिलिपिन्समध्ये 16 पासून 24 पर्यंत सलग नऊ पहाटा मिस्सा. माझी बहीण आखातात नर्स आहे, ती तिथल्या फिलिपिनो मैत्रिणींबरोबर जाते आणि दर वर्षी मला ऐकवते, ‘ताई, उभं राहायला जागा नसते गं.’ आपल्या धर्मग्रामात मी हे सुचवलं तर प्रश्न आला, पाचला कोण उठणार? ज्या गावातल्या बायका पिढ्यानपिढ्या भल्या पहाटेच्या गाडीने भाजी-फुलं घेऊन दादरला गेल्या, त्या गावात हा प्रश्न!

पहाटेच्या मिस्साचं जमेल तेव्हा जमेल. यंदा 20, 21 आणि 22 ला लूकचा पहिला अध्याय घरी वाचा, कुलकुल वळता वळता कुणी मोठ्याने वाचला तरी चालेल. आमच्याकडे हे काम धाकट्याकडे आहे. तो ‘जखऱ्या’ला ‘जखमऱ्या’ वाचतो, आणि थोरली त्याला दर वेळी थांबवून सुधारते, त्यामुळे वाचन जरा लांबतं.