मोटाउन पहिली? मग ह्यूस्टनच्या पीकॉकचं काय?

मोटाउनचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरायला लागतो: 'अमेरिकेतली कृष्णवर्णीय मालकाची पहिली यशस्वी रेकॉर्ड कंपनी मोटाउन. त्याआधी होतं ते चर्चमधलं गाणं, त्यात पैसा नव्हता. मालकच आपला आल्यावर कलाकारांना न्याय मिळाला.' तीन वाक्यं, तिन्ही कच्ची.

पहिलं तारखांवरच निकालात निघतं. बेरी गॉर्डीनं डेट्रॉइटमध्ये कंपनी काढली १९५९ साली. टेक्सासमधल्या ह्यूस्टनमध्ये डॉन रोबी या कृष्णवर्णीय मालकाची पीकॉक रेकॉर्ड्स १९४९ पासून चालू होती. न्यू यॉर्कमधल्या हार्लेमची ब्लॅक स्वान, तीही कृष्णवर्णीय मालकाचीच, तर १९२१ची.

गॉस्पेलमध्ये, म्हणजे त्या चर्चमधल्या गाण्यात, पैसा नव्हता, हे मात्र पीकॉकचा इतिहास न चाळताच लिहिलेलं दिसतं. रोबी काही भाविक गृहस्थ नव्हे. त्याचा ब्राँझ पीकॉक नावाचा नाइटक्लब होता आणि कंपनी निघाली ती गिटारवादक गेटमाउथ ब्राउनसाठी. गॉस्पेलकडे तो वळला धंदा म्हणूनच. मिसिसिपीच्या फाइव्ह ब्लाइंड बॉईज या गॉस्पेल गटानं त्याच्यासाठी 'अवर फादर' गायलं, म्हणजे येशूनं शिकवलेली प्रार्थनाच, आणि ती रेकॉर्ड बिलबोर्ड या संगीतधंद्याच्या साप्ताहिकाच्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांच्या, खपाच्या यादीत चढली. गटाचा मुख्य गायक आर्ची ब्राउनली त्यात काय करतो ते एकदा ऐकाच. बाकीचे ओळ धरून ठेवतात आणि हा गळा फाडून किंचाळतो, तरी सूर सुटत नाही. धार्मिक गाण्यात ठेका आपणच घातला, असं रोबी पुढे मिरवायचा. (मिरवण्यात तो कमी नव्हताच.) १९५२मध्ये डिक्सी हमिंगबर्ड्स हा गॉस्पेल गट आला, नंतर मायटी क्लाउड्स ऑफ जॉय. कचेरी आणि कलाकारांचे दौरे ठरवणारी बफेलो बुकिंग एजन्सी सांभाळायची एव्हलिन जॉन्सन. तिचं नाव कुणी घेत नाही, हा वेगळाच अन्याय.

राहिला न्याय. रोबी इतरांची गाणी किरकोळ रकमेला कायमची विकत घ्यायचा आणि गीतकार म्हणून 'डेड्रिक मलोन' हे स्वतःचंच टोपणनाव लावायचा. पीकॉकसाठी बिग मामा थॉर्नटननं गायलेलं 'हाउंड डॉग' १९५३मध्ये ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिलं होतं. तिच्या सांगण्याप्रमाणे हाती आला तो ५०० डॉलरचा एकच चेक. १९७३मध्ये रोबीनं सगळा बाडबिस्तरा एबीसी-डनहिल या रेकॉर्ड कंपनीला विकला, तेव्हा त्या विकत घेतलेल्या गाण्यांवर नाव मलोनचंच होतं.