गिरगावकरांच्या ‘अझाइड’ला उत्तर

गिरगावकर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा मुद्द्यासाठी, दुसऱ्यांदा मुद्दा नेमका कुठे संपतो ते शोधायला. पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे सूक्ष्म मणी फुप्फुसाच्या पेशींना काय करतात, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “बागुलबुवा दाखवून दुकान चालवताय. पेशी मेल्या त्या मण्यांनी नाही, बाटलीतल्या सोडियम अझाइडने.” पुढे डोस फार जास्त, मुंबईची हवा वगैरे बरंच. मतभेद असू द्या हो, पण ‘दुकान’? या ब्लॉगवर एक तरी जाहिरात दिसली का?

आधी तुमचं देणं चुकतं करतो. लेखात एके ठिकाणी मण्याचा व्यास 1 मिलिमीटर पडला होता. तो 1 मायक्रोमीटर हवा. मिलिमीटरचा मणी म्हणजे जवळजवळ मोहरी, ती पेशीत शिरणार नाही, पेशींवर बसेल. दुरुस्त केलंय. आभार.

आता अझाइड. मण्यांच्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात, पुष्कळदा 2 मिलिमोलर. ते मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातल्या, सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ या विकराला अडवतं, आणि पेशी किती जिवंत आहेत ते मोजणाऱ्या एमटीटी चाचणीचा जांभळा रंग पेशीच्या चयापचयावरच उमटतो. म्हणून शंका रास्त आहे. पण गणित तरी करायचं! 2 टक्क्यांच्या बाटलीत मिलिलिटरमागे 20 मिलिग्रॅम मणी. प्रयोगातल्या मिलिलिटरमागे 100 मायक्रोग्रॅमवर यायला ते 200 पट पातळ होतात. अझाइडही दोनशेवा हिस्सा, 10 मायक्रोमोलर, उरतं, तेही मणी न धुता वापरले तर.

आणि धुतातच. 1 मायक्रोमीटरचे मणी दीड मिलिलिटरच्या नळीत 10,000 जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या 10,000 पट जोराने) 10 मिनिटं फिरवायचे, वरचं पाणी काढायचं, पीबीएस हे पेशींना सोसणारं खारं द्रावण घालायचं, असं तीनदा. मग सोनिकेटरच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या यंत्राच्या, टबात पाच मिनिटं. हे टाळलं की गुठळ्या पडतात, पेशी वाढवायच्या प्लेटमधल्या खान्याच्या एका कडेच्या पेशी आजारी आणि बाकीच्या ठणठणीत दिसतात. 50 नॅनोमीटरचे मणी असे सहज तळाला बसत नाहीत, ते डायलिसिसच्या नळीत भरून दोन दिवस पाणी बदलत राहावं लागतं. पहिल्या फिरवणीचं वरचं पाणी मात्र फेकायचं नाही. अझाइड त्यातच असतं, ते तेवढंच पातळ करून वेगळ्या खान्यातल्या पेशींना द्यायचं. त्या आजारी पडल्या तर तुम्ही खरे.

शिवाय पेशी नसलेल्या खान्यात नुसते मणी घालूनही रीडिंग घ्यावं लागतं. मणी 570 नॅनोमीटरचा प्रकाश विखुरतात, रीडिंग फुगतं आणि मेलेल्या पेशीही जिवंत मोजल्या जातात. ही चूक तुमच्या आरोपाच्या नेमकी उलट दिशेची, एवढंच सुचवतो. परळच्या एका प्रयोगशाळेत बारा वर्षं हेच करतोय. अझाइड मला आज प्रतिक्रियेतून कळलेलं नाही.

आणखी एक. ‘पेशी मेल्या’ हा शब्द तुमचा. मी उल्लेख केलेल्या 2021 च्या फ्लोरिडातल्या अभ्यासात ए549 या माणसाच्या फुप्फुसाच्या कर्करोगातून वाढवलेल्या पेशींना 1 आणि 10 मायक्रोमीटरचे मणी दिले होते. पेशी फारशा मेल्या नाहीत, त्यांची वाढ मंदावली आणि आकार बदलला. लेख पुन्हा वाचा. पहिल्यांदा वाचला असेल असं गृहीत धरतोय.

डोसचं म्हणाल, तर मिलिलिटरमागे 100 मायक्रोग्रॅमला 96 खान्यांच्या प्लेटमध्ये एका पेशीमागे साधारण 1,800 मणी पडतात, मला माहीत आहे. त्यावर वेगळं लिहीन. मुंबईच्या हवेचं तुमचं गणित तूर्त बाजूला ठेवू.

‘पॉलिप्रॉपिलीन सोडून पॉलिस्टायरीनच का?’ असंही तुम्ही विचारलंय. 2022 मध्ये इंग्लंडातल्या हल इथल्या संशोधकांनी तपासलेल्या फुप्फुसाच्या 13 नमुन्यांपैकी 11 मध्ये प्लास्टिक सापडलं, आणि त्यात पॉलिप्रॉपिलीनच सर्वांत जास्त होतं, खरंय. पण ते पाण्याहून हलकं. पेशी खाली तळाशी, कण वर तरंगतात, भेट होणार कशी? त्यासाठी पेशी पडद्यावर, हवेला उघड्या ठेवून वाढवाव्या लागतात आणि त्या तयार व्हायलाच तीन-चार आठवडे जातात.

‘प्रयोगशाळा दाखवा’ म्हणालात. जरूर या. फक्त पॉलिस्टरचा शर्ट घालून नको, सुती घाला, नाहीतर आमच्या कोऱ्या फिल्टरवर तुमचेच तंतू मोजत बसावं लागेल.