डोळे एका क्षणात उघडतात?

तुमचा लेख आवडला, पण ‘येशूला हाक मारली की आतले डोळे तत्क्षणी उघडतात’ हे वाक्य काही पटलं नाही. तुम्ही आधार घेतलाय योहान ९ चा (बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय), आणि नेमका तोच जन्मांध माणूस किती सावकाश पाहायला लागतो बघा. येशूने डोळ्यांवर लावलेला चिखल शिलोह तळ्यात धुतल्यावर शरीराचे डोळे लगेच उघडले, ते ठीक. पण कोणी बरं केलं असं विचारल्यावर आधी म्हणतो, ‘येशू नावाच्या माणसाने’. मग परूशी, म्हणजे धर्मशास्त्र कडकपणे पाळणारे यहुदी, खोदून विचारतात तेव्हा ‘संदेष्टा’. सभास्थानातून (यहुद्यांच्या प्रार्थनास्थळातून) हाकलल्यावर येशू त्याला पुन्हा शोधून काढतो, तेव्हा कुठे ‘प्रभू’ म्हणून नमन. म्हणजे बऱ्यापैकी धक्के खाल्ल्यावर!

मार्काच्या शुभवर्तमानातल्या ८व्या अध्यायातला बेथसैदा गावचा आंधळा तर तुम्ही घेतलाच नाही. येशूने पहिल्यांदा हात ठेवल्यावर त्याला माणसं दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी. दुसऱ्यांदा हात ठेवावा लागतो. आणि लगेच पुढे येशूचा शिष्य पेत्र ‘तू ख्रिस्त आहेस’ म्हणतो, पण येशूच्या मरणाची गोष्ट निघताच येशूलाच दटावतो. त्यालाही तेव्हा झाडंच दिसत होती म्हणायची.

मी कित्येक वर्षं योहान ९ वाचताना स्वतःला बिनदिक्कत त्या आंधळ्याच्या जागी धरायचो. ‘आम्हीही आंधळे आहोत काय?’ हा परूश्यांचा प्रश्न माझ्या तोंडी शोभेल, हे फार उशिरा सुचलं. त्यावर येशूने दिलेल्या उत्तरावर, ‘आम्हाला दिसतं म्हणता, म्हणून तुमचं पाप राहतं’ या ४१ व्या वचनावर, लिहाल का कधी?