पुढचा ब्रेक काढायला सांगणारा तो वॉर्साचा व्हिडिओ

नुकतंच लायसन्स मिळालेल्या भाच्याने एक व्हिडिओ पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, पुढचा ब्रेक खरंच काढून टाकू का?" हाच व्हिडिओ मी आधी ग्रुपांवर पाहून सोडून दिला होता. आता सोडून चालणार नाही.

व्हिडिओ पोलंडमधल्या वॉर्साच्या नॅशनल स्टेडियमचा आहे. चार बाइक, उडणारी माती, खच्चून भरलेलं स्टेडियम. सोबतचा मजकूर थोडक्यात असा: ही २०१५ची स्पीडवेची (म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरच्या बाइक शर्यतींची) वर्ल्ड फायनल, या बाइकना ब्रेक नसतो, तरी या खेळात आजवर एकही जीव गेलेला नाही, म्हणजे अपघात ब्रेकमुळेच होतात, त्यातही पुढच्या, तो काढून टाका आणि चॅम्पियनसारखी गाडी चालवा. वर आणखी दोन गोष्टी. या बाइक अल्कोहोलवर पळतात, तेव्हा ते आपल्या टाकीतही चालेल. आणि ब्रेक कंपन्यांच्या दबावामुळे २०२३ मध्ये चक्क जगज्जेत्याला स्पर्धेतून बाद केलं गेलं.

'वर्ल्ड फायनल'चं आधी उरकतो. एका रात्रीत जगज्जेता ठरवायची पद्धत १९९४ला संपली. १९९५पासून ग्रांप्री मालिका आहे: वर्षभर वेगवेगळ्या शहरांत फेऱ्या होतात, गुण साठत जातात आणि शेवटी बेरजेवर विजेतेपद ठरतं. २०१५ची वॉर्सा ही त्या हंगामाची पहिली फेरी होती. त्या रात्री फेरीची फायनलसुद्धा झाली नाही! सुरुवातीच्या फिती वर उचलणारं यंत्र दगा देत राहिलं, तात्पुरता अंथरलेला ट्रॅक उखडला, आणि १२ हीटनंतर (हीट म्हणजे चौघांची एक छोटी शर्यत) कार्यक्रम गुंडाळावा लागला. तोवरच्या गुणांवर स्लोव्हेनियाच्या मातेय झागरला विजयी घोषित केलं. पोलंडचा लाडका तोमाश गोलोब घरच्या प्रेक्षकांसमोर निरोप घ्यायला आला होता, त्याचाही विरस झाला. वर्षअखेरीस जगज्जेता झाला ब्रिटनचा ताय वॉफिंडेन. ज्या रात्रीची संयोजकांना लाज वाटली असेल, ती हे लोक आदर्श म्हणून फिरवताहेत.

आता 'एकही जीव गेलेला नाही'. हे वाचून माझं डोकंच फिरलं. मे २०१२ मध्ये पोलंडच्याच व्रोत्सवाफमध्ये लीगच्या सामन्यात ली रिचर्डसन हा ब्रिटिश रायडर कुंपणावर आदळला आणि त्याच दिवशी गेला. वॉर्साच्या त्या रात्रीनंतर चारच महिन्यांनी, ऑगस्ट २०१५ मध्ये, झेलोना गुरा इथे डार्सी वॉर्ड पडला. हा ऑस्ट्रेलियन पोरगा पुढचा जगज्जेता मानला जायचा. तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे. हे कुणी दडवलेलं नाही, शोधलं तर लगेच सापडतं. पण फॉरवर्ड करणाऱ्याला शोधायला वेळ कुठे असतो?

ब्रेक नसतो, हे मात्र खरं. नियमानेच नसतो. ५०० सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन, किमान ७७ किलो वजन आणि ब्रेकला बंदी. पण का? ट्रॅकवर सुट्या मातीचा आणि बारीक चुऱ्याचा थर असतो. चौघं हँडलला हँडल लावून वळणात घुसतात. त्यात पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचा थेट त्याच्या अंगावर. म्हणून कुणाकडेच ब्रेक नको. शिवाय सगळे एकाच दिशेने, डावीकडे वळत, चार फेऱ्या मारतात आणि मिनिटभरात शर्यत संपते. समोरून ट्रक येत नाही, मध्ये सिग्नल नाही, कुणी मोबाइल बघत रस्ता ओलांडत नाही.

आणि वेग कमी होतच नाही असंही नाही. वळणाआधी रायडर मागचं चाक मुद्दाम घसरवतो, गाडी आडवी होते आणि ते आडवं चाक माती खरवडत वेग खातं. ॲक्सिलरेटर मिटला की जबर कॉम्प्रेशनचं इंजिनही गाडीला मागे ओढतं. डाव्या बुटाखाली पोलादी तळ असतो, तो जमिनीवर घासत तोल सांभाळतो. शर्यत संपल्यावर थांबायला अख्खा ट्रॅक मोकळा. हे सगळं डांबरी रस्त्यावर, रिक्षाच्या मागे, ऑफिसला जाताना करून दाखवा.

गंमत म्हणजे उत्तर त्यांच्याच व्हिडिओत आहे. एका जागी चित्र थांबवून उजव्या मुठीभोवती लाल वर्तुळ काढलंय: 'पाहा, ब्रेकचा लिव्हर नाही!' त्याच वर्तुळात रायडरच्या मनगटाला बांधलेली एक दोरी दिसते. रायडर पडला की ती ओढली जाते आणि इंजिन जागच्या जागी बंद पडतं. वळणांवर हवा भरलेलं कुंपण असतं, पंचाच्या हाताशी शर्यत थांबवायचा लाल दिवा असतो, आत रुग्णवाहिका तयार उभी असते. ब्रेक काढला तो एवढा बंदोबस्त केल्यावर, आणि तरी रिचर्डसन गेलाच.

आता रस्त्यावरचा पुढचा ब्रेक. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातले ९०० मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले. १९८१चा तो अहवाल अजूनही या विषयात आधी उघडला जातो. त्यात काय निघालं? बहुतेक चालकांनी घाबरून मागचा ब्रेक इतका दाबला की चाक लॉक होऊन घसरलं, आणि पुढचा ब्रेक मात्र पुरेसा वापरलाच नाही. टक्कर टाळायला मिळणारा वेळ बहुतेकदा दोन सेकंदांहून कमी. म्हणजे व्हिडिओसोबतचा मजकूर जे करायला सांगतोय, नेमकं तेच करून माणसं आदळली होती.

कारण साधं आहे. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो. पुढचं टायर रस्त्यावर घट्ट दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला कितीही ब्रेक लावा, ते घसरणार. ताशी ६० किलोमीटरला तुम्ही सेकंदाला जवळपास १७ मीटर जाता. कोरड्या चांगल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटरमध्ये गाडी थांबते. नुसत्या मागच्या ब्रेकवर जवळजवळ दुप्पट अंतर लागतं. त्या फरकात एक माणूस आरामात बसतो.

अर्धं खरं आहे ते मान्य करतो, नाइलाजाने. वाळू पसरलेल्या वळणावर, गाडी कललेली असताना, पुढचा ब्रेक एकदम करकचून आवळला तर गाडी हातातून जाते. कित्येकांना हा अनुभव असतो आणि म्हणूनच हा मजकूर पटतो. पण त्यावरचा उपाय म्हणजे वळणाआधीच वेग कमी करणं आणि लिव्हर हळूहळू दाबत नेणं. ब्रेक करकचून आवळला तरी चाक लॉक होऊ नये, म्हणूनच एबीएस निघालं. भाच्याला एवढंच लिहिलं: ब्रेकला हात लावायचा तो दाबायला, काढायला नाही.

अल्कोहोलचं थोडक्यात, पण नीट वाचा. स्पीडवेचं इंधन मिथेनॉल आहे. ते विष आहे, थोडंसं पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. उजेडात त्याची ज्योत धड दिसतही नाही. पेट्रोलच्या गाडीत ओतलंत तर रबरी नळ्या आणि ॲल्युमिनियमचे भाग खराब होतील, आणि ऊर्जा निम्मीच असल्याने इंजिन नीट चालणारही नाही. ती इंजिनं त्या इंधनासाठीच बांधलेली असतात.

राहिलं ते कारस्थान. सप्टेंबर २०२३ मध्ये डेन्मार्कमधल्या वोयन्सच्या फेरीतून तेव्हाचा जगज्जेता, पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक, याला बाद केलं होतं, हे खरं. कारण काय, तर पात्रता फेरीत त्याने ठरवून दिलेल्याऐवजी दुसराच रेसिंग सूट घातला होता. शिक्षा फारच कडक होती, असं माझंही मत आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस पोलंडमधल्या तोरुनमध्ये त्याने जगज्जेतेपद मिळवलंच, आणि तेव्हाही त्याच्या बाइकला ब्रेक नव्हता.