‘प्रत्येकी’ दिसलं की गुणायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुमच्या चार मुद्द्यांपैकी दीड मुद्दा मला मान्यच आहे. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहिते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गुणाकार-भागाकाराची शाब्दिक उदाहरणं शिकवताना ‘प्रत्येकी आलं की गुणा, वाटले आलं की भागा, पट आलं की गुणा’ अशा खुणा मुलांकडून पाठ करून घेऊ नयेत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की कच्च्या मुलांना तोच एक आधार असतो आणि तो काढून घेणं म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणं. दुसरं, ४० मुलांच्या वर्गात चित्रं काढत बसलं तर पोर्शन संपायचा नाही. तिसरं, पाढे पक्के असले की शाब्दिक उदाहरणांत अवघड काही उरत नाही. आणि चौथं, आपण सगळे असेच शिकलो, आपलं काय बिघडलं?

वेळेचा मुद्दा पूर्ण मान्य, पाढ्यांचा अर्धा. उरलेल्या अडीचबद्दल भांडते.

आधी एक कबुली. खुणांचा तक्ता मीही लावला होता. चांगला रंगीत, गुणाकाराचे शब्द हिरव्या शाईत, भागाकाराचे लाल. दोन वर्षं तो वर्गात भिंतीवर होता आणि मुलं उदाहरण वाचता वाचता मान वळवून तक्त्याकडे बघायची. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटायचं. तो काढला तो एका उदाहरणामुळे: ‘मीनाकडे २४ मणी आहेत. ते राधाच्या मण्यांच्या ४ पट आहेत. राधाकडे किती मणी आहेत?’ निम्म्याहून जास्त वर्गाने ९६ लिहिलं. ‘पट’ हिरव्या शाईत होता ना! ज्या मुलांनी ६ लिहिलं, त्यांनी तक्त्याकडे पाहिलंच नव्हतं.

आता तुमचा लाडका शब्द ‘प्रत्येकी’ घ्या. ६ डब्यांत प्रत्येकी ८ खडू आहेत, एकूण खडू किती? ४८ खडू ६ डब्यांत सारखे भरले, प्रत्येकी किती आले? ४८ खडू प्रत्येकी ८ असे डब्यांत भरायचे आहेत, डबे किती लागतील? तिन्ही वाक्यांत ‘प्रत्येकी’ आहे. पहिल्यात गुणाकार, पुढच्या दोन्हींत भागाकार, आणि ते दोन भागाकारही एकमेकांसारखे नाहीत. खुणेवर भरवसा ठेवणाऱ्या मुलाने इथे करायचं काय? तो करतो ते तुम्हीही पाहिलं असेल. वही पुढे करून विचारतो, ‘बाई, यात गुणायचं का भागायचं?’ तुम्ही म्हणता तो आधार हाच. कच्च्या मुलाला तो नेमका अशा ठिकाणी सोडून जातो जिथे त्याला सोडवणारं दुसरं कुणी नसतं. हुशार मुलं खुणा शिकवल्या तरी वाचतातच, त्यांचं फारसं नुकसान होत नाही.

न वाचता आकडे उचलण्याची ही सवय किती खोल जाते, याची एक गोष्ट गणित शिकवणाऱ्यांत बरीच प्रसिद्ध आहे. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे १९८० च्या सुमारास दुसरी-तिसरीच्या वयाच्या ९७ मुलांना विचारलं गेलं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, कप्तानाचं वय किती? ७६ मुलांनी आकड्यांची काहीतरी जुळवाजुळव करून वय काढून दिलं. ही मुलं मठ्ठ नव्हती. गणिताच्या तासाला दोन आकडे दिसले की त्यांचं काहीतरी करायचं असतं, एवढं ती इमानदारीने शिकली होती.

मग खुणा काढून त्यांच्या जागी काय द्यायचं? तुमच्या प्रतिक्रियेतला हा खरा प्रश्न आहे आणि माझ्या लेखात त्याचं उत्तर घाईत गुंडाळलं होतं, ही चूक माझी.

मी मुलांना तीन जागा देते: गट किती, एका गटात किती, सगळे मिळून किती. उदाहरण वाचायचं आणि सांगायचं की यातल्या कोणत्या दोन जागा भरल्या आहेत आणि कोणती रिकामी आहे. ‘सगळे मिळून’ रिकामी असेल तर गुणाकार. बाकी दोन्हींपैकी कोणतीही रिकामी असेल तर भागाकार. एवढंच. मण्यांचं उदाहरण यात बसवून पाहा: राधाचा ढीग म्हणजे एक गट, मीनाकडे तसे ४ गट, सगळे मिळून २४, एका गटात किती ते रिकामं. ‘पट’ शब्दाला घाबरायचं कारण उरत नाही. तुम्ही म्हणाल, हीसुद्धा एक युक्तीच झाली. हो, आहे. फरक एवढाच की ही युक्ती उदाहरण वाचल्याशिवाय वापरताच येत नाही.

त्या दोन भागाकारांवर जरा थांबते, कारण माझ्या मते सगळी गंमत तिथे आहे आणि आपण वर्गात तिथूनच सगळ्यात घाईने पुढे सरकतो. मागे एका मुलासमोर बाटल्यांची १२ झाकणं ठेवली. वाचनात मागे असलेला मुलगा, म्हणून उदाहरण तोंडीच सांगितलं. ‘ही झाकणं ३ मुलांत सारखी वाट.’ त्याने तीन वह्या मांडल्या आणि पत्ते पिसून वाटावेत तसं एक इथे, एक तिथे, एक तिथे असं टाकत गेला. प्रत्येक वहीवर ४ आली. झाकणं परत गोळा केली. ‘आता प्रत्येक मुलाला ३ झाकणं द्यायची. किती मुलांना पुरतील?’ या वेळी वह्या मांडल्याच नाहीत. मूठ भरून ३ उचलली, बाजूला ठेवली, पुन्हा ३. शेवटी ढीग मोजले, ४. मी फळ्यावर दोन्ही वेळा १२ ÷ ३ = ४ लिहिलं. तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘पण मी तर दोन वेगळी कामं केली.’

बरोबर बोलला. पहिल्या कामात गट माहीत होते, गटात किती ते शोधायचं होतं. दुसऱ्यात गटात किती ते माहीत होतं, गट शोधायचे होते. मग उत्तर एकच का? ते त्यालाच पुन्हा वाटून दाखवायला लावलं, या वेळी हळू. पहिल्या फेरीत तीन वह्यांवर एकेक, म्हणजे ३ झाकणं गेली. दुसऱ्या फेरीत आणखी ३. म्हणजे वाटतानाही तो तीन-तीनचेच गट उचलत होता, फक्त फेऱ्यांच्या रूपात. चार फेऱ्या, प्रत्येकाला चार. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने झाकणं तीन-तीनच्या चार ओळींत मांडली आणि आडवी-उभी बोटं फिरवून पाहिली. पाढ्यात ‘तीन चोक बारा’ आणि ‘चार त्रिक बारा’ हे दोन्ही तो कधीपासून म्हणत होता, पण दोन्ही एकाच मांडणीतून निघतात हे त्या दिवशी बोटाला लागलं.

हे सगळं कशाला, असं वाटेल. पुढच्या इयत्तेसाठी. ६ मीटर दोरीचे अर्धा-अर्धा मीटरचे तुकडे किती होतील? ज्या मुलाला भागाकार म्हणजे फक्त वाटणी असं वाटतं, तो इथे अडकणार. अर्ध्या माणसात कसं वाटायचं? ज्याला भागाकार म्हणजे ‘किती गट निघतात’ हेही माहीत आहे, तो १२ तुकडे सहज सांगेल. ‘गुणलं की वाढतं, भागलं की कमी होतं’ हा समज मुलांच्या मनात किती घट्ट बसतो, हे गणित-शिक्षणाचे अभ्यासक फिशबाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये इटलीतल्या मुलांबाबत दाखवलं होतं. तो समज आपणच तिसरी-चौथीत रुजवतो, कारण तिथे सगळे आकडे पूर्ण असतात आणि तो खराही ठरत राहतो.

पाढ्यांबद्दल: पाढे हवेत, घोकूनही चालतील, त्यावर माझा काहीच वाद नाही. ७ × ८ साठी बोटं मोजणाऱ्या मुलाचं लक्ष उदाहरणावर राहत नाही, हे मी रोज पाहते. पण पाढे आले की सगळं आलं, हे मात्र नाही. आणि उलटही आहे, पाढे येण्याआधीच मुलांना ही उदाहरणं सुटतात. कार्पेंटर हे गणित-शिक्षणाचेच अभ्यासक; त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ७० बालवाडीच्या मुलांचा अभ्यास मांडला. ती मुलं वर्षभर गोष्टीरूप उदाहरणं सोडवत होती. बेरीज-वजाबाकीबरोबर गुणाकार-भागाकाराचीही उदाहरणं त्यांना दिली. ७० पैकी ३२ मुलांनी नऊच्या नऊ उदाहरणांसाठी योग्य रीत वापरली, ४४ मुलांची सात किंवा जास्त उत्तरं बरोबर आली. वस्तू मांडून, मोजून. म्हणून मी आता पाढे आणि शाब्दिक उदाहरणं एकाच वेळी सुरू करते. ‘आधी पाढे पुरे होऊ देत, मग उदाहरणं’ असं थांबत नाही.

‘आपलं काय बिघडलं’ याचंही उत्तर देते. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायचं आहे, बस किती लागतील? निकाल १९८३ मध्ये छापून आले. सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बिनचूक केला. त्यांतल्या बऱ्याच जणांनी उत्तर लिहिलं, ‘३१ बाकी १२’. अशी मुलं एकूण २९ टक्के होती. १८ टक्क्यांनी ३१ लिहून बारा सैनिकांना रस्त्यावर ठेवलं. ३२ बस म्हणणारी फक्त २३ टक्के. आपणही बाकीचं काय करायचं ते शिकलो का, की फक्त तिला खाली लिहून दोन रेघा मारायला शिकलो? मी तर दुसरं शिकले. बाकी कधी टाकून द्यायची, कधी तिच्यासाठी एक जास्त घ्यायचा, कधी तीच उत्तर असते, हे मला शिकवायला लागल्यावर कळलं.

आता वेळ. ४० मुलं आणि ३५ मिनिटं, हे मलाही चुकलेलं नाही. प्रत्येकाने प्रत्येक उदाहरणाचं चित्र काढावं असं मी म्हटलं असेल तर ते मागे घेते. मी सध्या करते ते एवढंच: तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं, एकच उदाहरण, आणि त्यातले आकडे झाकलेले. ‘काही मुलं काही रांगांत उभी आहेत. प्रत्येक रांगेत सारखीच मुलं आहेत.’ वर्गाने सांगायचं की यात काय काय विचारता येईल. मग एक आकडा उघडायचा, मग दुसरा, आणि प्रश्न सगळ्यात शेवटी. आकडे नसले की गुणायची घाई करता येत नाही, वाक्यच वाचावं लागतं. गृहपाठात मी दहाऐवजी चार उदाहरणं देते आणि पाचवं मुलांनी स्वतः बनवायचं. कोण कुठे अडकलंय, ते त्या पाचव्यावरून दहा सोडवलेल्यांपेक्षा लवकर कळतं. गेल्या आठवड्यात २० ÷ ५ वर उदाहरण बनवा म्हटलं तर एकीने लिहिलं: ‘माझ्याकडे २० पेन्सिली होत्या, ५ हरवल्या, किती राहिल्या?’ तिचा भागाकार बिनचूक येतो. पण तिच्याशी पुन्हा झाकणं घेऊन बसायला हवं, हे मला त्या एका ओळीतून कळलं. सोमवारी बसणार आहे.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या वर्गात खुणा वापरून निकाल चांगला लागतो. ते मी खोटं म्हणत नाही. एकच विनंती, पुढच्या चाचणीत मण्यांचं ते उदाहरण आणि बसचं उदाहरण, दोन्ही घाला आणि काय येतं ते मला कळवा. माझा अंदाज चुकला तर तेही इथेच लिहीन.