युनेस्कोनं काय दिलं, ते पवईला जाऊन विचारा

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या ताईला परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. मथळा ‘शांततेच्या नावाखाली चाललेली लूट’. म्हणणं असं : युनेस्कोनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शिक्षण-विज्ञान-संस्कृतीच्या संघटनेनं, भारताला सर्टिफिकेटांपलीकडे काही दिलं नाही, परदेशी सांस्कृतिक केंद्रं आणि शिष्यवृत्त्या म्हणजे हेर घडवायचे कारखाने, या देवाणघेवाणीनं जगातलं एकही युद्ध टळलेलं नाही, अमेरिकासुद्धा शहाणी होऊन युनेस्कोतून बाहेर पडली, आणि आपल्या कराच्या पैशावर परदेशी मुलं इथं फुकट शिकतात. शेवटी ठळक अक्षरांत : ‘आपल्या मुलांना या जाळ्यात पाठवू नका.’

ताईची मुलगी काळा घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात, म्हणजे जर्मनीच्या सांस्कृतिक केंद्रात, जर्मन शिकते आणि तिकडच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज भरणार आहे. मेसेज वाचल्यापासून ताई तिला ‘जरा थांब गं’ म्हणतेय. ग्रुपवर लोक काय काय पाठवतात, त्यातलं बहुतेक मी सोडून देतो. पण त्यापायी एका हुशार मुलीचा अर्ज अडत असेल तर गप्प बसवत नाही.

आधी युनेस्को. मेसेज लिहिणारा मुंबईकर असेल तर कमालच आहे. पवईची आयआयटी कुणाच्या मदतीनं उभी राहिली? संस्थेनं आपला इतिहास स्वतः लिहून ठेवलाय, कुणीही वाचावा. पहिले वर्ग भरले २५ जुलै १९५८ ला, तेही पवईत नव्हे, वरळीच्या सस्मिरा या कापड-संशोधन संस्थेच्या इमारतीत, १०० विद्यार्थ्यांना घेऊन. १९५६ ते १९७३ या काळात युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाकडून यंत्रसामग्री आली, ५९ तज्ज्ञ आले, १४ तंत्रज्ञ आले. आणि आपल्या प्राध्यापकांना तिकडे जाऊन शिकण्यासाठी २७ फेलोशिप मिळाल्या. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. यंत्रं जुनी होतात, भंगारात जातात. शिकवणारा माणूस तयार झाला की त्याच्या हाताखालून पिढ्या जातात.

आणि काळ कुठला? शीतयुद्ध ऐन भरात होतं. पवईला रशियन तज्ज्ञ येत होते, कानपूरच्या आयआयटीला अमेरिकन विद्यापीठं मदत करत होती, मद्रासला पश्चिम जर्मनी. एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेले दोन गट आपल्याकडे मात्र प्रयोगशाळा उभारत होते. त्यात त्यांचा स्वार्थ होता, मान्य. पण प्रयोगशाळा आपल्याकडे राहिल्या. याला सर्टिफिकेट म्हणतात का?

बरं, सर्टिफिकेटाचंही बघू. जुलै २०२५ मध्ये रायगड, शिवनेरी, प्रतापगडासह १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा याच ग्रुपवर दिवसभर अभिनंदनाचे मेसेज वाहत होते. ती यादी युनेस्कोचीच.

आता हेर. हा मुद्दा सगळ्यांत घातक, कारण तो थेट मुलांवर संशय घेतो. यात अर्धं सत्य आहे, ते झाकून चालणार नाही. १९५८ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघात शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीचा करार झाला आणि त्याच वर्षी काही सोव्हिएत विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांतला ओलेग कालुगिन हा खरोखरच केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेचा माणूस होता, पुढे तिथं जनरल झाला. म्हणजे हेर होते. पण त्याच तुकडीत दुसरा एक जण होता, अलेक्झांडर याकोव्हलेव्ह. महायुद्धात जखमी झालेला, पक्षाचा निष्ठावान. तो काही अमेरिकेचा भक्त होऊन परतला नाही, उलट पुढं तिच्यावर कडक टीका करणारी पुस्तकं लिहिली. आणि १९८०च्या दशकात सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या खुलेपणाच्या धोरणामागचं प्रमुख डोकं म्हणून जग ओळखतं ते याच याकोव्हलेव्हला. एका हेराला घाबरून ती तुकडीच पाठवली नसती, तर दुसराही गेला नसता.

आणि हेच ते कोलंबिया, जिथं १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर शिकायला गेले. परदेशी शिकलेला माणूस परक्यांचा होतो, हे निदान महाराष्ट्रात तरी कुणी बोलू नये.

‘एकही युद्ध टळलं नाही’ हे कसं सिद्ध करणार? झालेलं युद्ध दिसतं, न झालेलं दिसत नाही. तरी फ्रान्स-जर्मनीकडे बघा. १८७० ते १९४५ या काळात तीन युद्धं. १९५१ मध्ये दोन्हीकडचे इतिहासकार एकत्र बसले आणि वादग्रस्त प्रकरणं पाठ्यपुस्तकांत कशी मांडायची यावर सहमतीचा मसुदा केला. १९६३ च्या करारानंतर युवकांच्या देवाणघेवाणीसाठी दोघांची मिळून संस्था निघाली. तिच्यामार्फत आजवर ९० लाखांहून जास्त तरुण एकमेकांकडे जाऊन आले. २००६ मध्ये शाळेतल्या वरच्या वर्गांसाठी इतिहासाचं सामाईक पुस्तक आलं, मजकूर एकच, दोन भाषांत. एवढ्यानंच शांतता आली असं मी म्हणणार नाही. कोळसा-पोलादाचा सामाईक व्यापार होता, अमेरिकेचं लष्करी छत्र होतं, दोघांना सोव्हिएत संघाची भीती होती. पण शेजाऱ्याला शत्रू म्हणून शिकवायचं थांबलं, ते काम लष्करानं केलेलं नाही.

अमेरिकेचं सांगायचं तर ती १९८४ मध्ये बाहेर पडली, २००३ मध्ये परतली, २०१८ अखेर पुन्हा गेली, २०२३ मध्ये पुन्हा आली आणि २०२५ मध्ये परत बाहेर पडायची घोषणा केली. यातलं नेमकं कुठलं वर्ष शहाणपणाचं धरायचं?

राहिला इथं शिकणाऱ्या परदेशी मुलांचा मुद्दा. त्यांतली बरीच स्वतःची फी भरून शिकतात. शिष्यवृत्त्या देणारी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद मौलाना आझादांनी १९५० मध्ये स्थापन केली, आणि तो खर्च वाया जातो म्हणणाऱ्यांनी हमीद करझाईंचं नाव आठवावं. ते शिमल्याला, हिमाचल प्रदेश विद्यापीठात शिकले. पुढं ते अफगाणिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झाले. २०११ मध्ये त्या देशानं आपला पहिला सामरिक भागीदारी करार केला तो भारताशी, आणि त्यावर सही करझाईंची होती.