'लोहाराला इंजिनिअर' म्हटल्याबद्दल

न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्च शहरात कारखाना काढून पुढे तिथले महापौर झालेले लोहार जॉन अँडरसन, यांना मी एका लेखात इंजिनिअर म्हटलं होतं. त्या लेखाखाली एका निनावी वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो: "लोहाराला इंजिनिअर म्हणणं म्हणजे कंपाउंडरला डॉक्टर म्हणण्यासारखं. शिवाय तो पहिला महापौर नव्हताच. आणि शहर वसलं ती जमीन कुणाची, यावर अवाक्षर नाही. तुम्ही कधी कारखान्याचं तोंड तरी पाहिलंय का?" पुढे तीन हसरे चेहरे.

माझी चूक आधी पदरात घेतो. ख्राइस्टचर्चचे पहिले महापौर विल्यम विल्सन, १८६८ सालचे, रोपवाटिकेच्या धंद्यातले. अँडरसन दुसरे. लेखात दुरुस्ती केली आहे. एवढंच एका ओळीत सरळ सांगता आलं असतं, पण मग हसरे चेहरे कुठे लावणार?

आता तुमचा कंपाउंडर.

एडिंबरोजवळच्या इन्व्हरेस्कचा हा लोहार १८५० च्या डिसेंबरात 'सर जॉर्ज सेमूर' जहाजातून लिटलटन बंदरात उतरला. बंदर आणि नियोजित शहर यांच्या मधे डोंगर; तो पायी चढून पलीकडे जायचं. त्यातून रेल्वेचा बोगदा निघाला तो १८६७ मध्ये. पलीकडे उतरलं की बरीचशी दलदल. तिथे नांगराचा फाळ तुटला तर नवा मागवायचा कुठून? इंग्लंडहून जहाज यायला तीन-सव्वातीन महिने, आणि त्याआधी तुमचं पत्र तिकडे पोचायला तेवढेच. म्हणजे जे गावात घडवता येईल तेच खरं. अँडरसनांनी कॅशेल स्ट्रीटवर भट्टी पेटवली, १८५७ मध्ये ओतशाळा काढली आणि शेतीच्या अवजारांपासून बॉयलर, पुलांपर्यंत मजल मारली. मुलांच्या काळात याच घराण्याच्या कंपनीने माकाटोटेचा रेल्वेपूल उभारला. १९०८ साली तो पुरा झाला, उंची ७९ मीटर. कंपाउंडरच्या दवाखान्याला हे जमतं का?

राहिली पदवी. लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेचा पहिला अध्यक्ष कोण होता, ठाऊक आहे? थॉमस टेलफर्ड. स्कॉटलंडमधल्या मेंढपाळाचा मुलगा, हाताने दगड घडवणारा पाथरवट. त्या काळी हा धंदा बहुतेक जण उस्तादाच्या हाताखालीच शिकत. तुमच्या हिशेबाने टेलफर्डही कंपाउंडरच!

आणि कारखान्याचं तोंड. अहो, मी त्याच तोंडातून वाढलोय. माझे वडील कोल्हापुरात एका ओतशाळेत लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे नमुने, बनवायचे. शाळा सुटली की मी त्यांचा डबा आणायला जायचो. वाळूचा आणि जळक्या कोळशाचा वास अजून नाकात आहे. एकदा नवीन डिग्रीवाले साहेब ड्रॉइंग घेऊन आले आणि म्हणाले, अगदी याच मापाचा पॅटर्न हवा. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो. वडील "हो साहेब" म्हणाले आणि गुपचूप मोठा केला. माल मापात उतरला. शाबासकी कुणाला मिळाली हे वेगळं सांगायला नको. त्या घरात वाढलेल्या माणसाला 'लोहार' हा शब्द शिवीसारखा वापरलेला सोसत नाही. तुम्हाला ती गंमत वाटली, याचं आश्चर्य वाटत नाही.

जमिनीचं म्हणाल, तर १८४८ च्या केम्प करारात, म्हणजे ब्रिटिश सरकारने केलेल्या जमीनखरेदीत, तिथल्या मूळ माओरींपैकी न्गाई ताहू लोकांची सुमारे २ कोटी एकर जमीन २,००० पौंडांना गेली आणि त्यांना कबूल केलेल्या राखीव जमिनी नीट दिल्या गेल्या नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण माझा लेख एका माणसावर होता. प्रत्येक लेखात सगळा इतिहास कोंबायचा का? त्यावर तुम्हीच लिहा, मी वाचेन.

टीकेला माझी ना नाही. या ब्लॉगवर याहून कडक बोलणी खाल्ली आहेत, पण ती बोलणाऱ्यांनी खाली स्वतःचं नाव लिहिलं होतं. तुम्हीही लिहा, आणि ते तीन चेहरे नक्की कशावर हसत होते, तेही सांगा.